पाण्याच्या आधी आणि पाण्याच्या नंतर

अभ्यासपाठ
वाचनासाठी उतारे: मत्तय २८:१६-२०, प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०, १ करिंथ १:१०-१७



गेल्या सुगीच्या सणाला एका मंडळीत आमच्या कामाचा अहवाल सांगायला मी गेले होते. आरोग्य शिबिरे, मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग, बायकांचा बचत गट, सगळे सांगून झाले. उपासनेनंतर चहाच्या वेळी एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले. आपल्या कामासाठी दर महिन्याला न चुकता देणारे. म्हणाले, "ताई, काम चांगलं चाललंय. पण यंदा बाप्तिस्मे किती झाले?"

"एकही नाही, काका," मी म्हणाले.

ते पुढे काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरलेला दिसला. घरी येताना एसटीत मी त्याच प्रश्नाचा विचार करत होते. त्यांचा प्रश्न प्रेमाचा होता. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो ते प्रभूचे व्हावेत, असे कोणाला वाटत नाही? तरीही त्यांना नीट उत्तर देणे माझ्याकडून झाले नाही. ते उत्तर या अंकात देते आहे. त्यासाठी प्रभूची आज्ञा आणि आपल्याच जिल्ह्यातील जुन्या मिशनऱ्यांचा अनुभव, दोन्ही एकत्र अभ्यासू या.

आज्ञा नेमकी काय आहे?

मत्तयाच्या शेवटच्या वचनांत चार गोष्टी आहेत: जाणे, शिष्य करणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे. मूळ ग्रीक वाक्यात मुख्य आज्ञा एकच आहे, शिष्य करण्याची. बाकीची तीन क्रियापदे तिला जोडलेली आहेत. म्हणजे बाप्तिस्मा हा शिष्य घडवण्याच्या कामातला एक टप्पा आहे. सगळे काम त्यात संपत नाही. शिवाय प्रभूने जे जे आज्ञापिले ते पाळायला शिकवण्याची गोष्ट बाप्तिस्म्याच्या नंतर आली आहे, हेही ध्यानात घ्या. पाण्याआधी शिकवण आहे आणि पाण्यानंतरही आहे.

फिलिप्पाने कूशी षंढाला बाप्तिस्मा दिला तो वाटेवरच, त्याच दिवशी. मग उशीर कशाला, असे कोणी विचारील. पण तो मनुष्य यरुशलेमेहून उपासना करून परतत होता, त्याच्या हातात यशयाचे पुस्तक होते आणि मनात प्रश्न होता. फिलिप्पानेही प्रथम विचारले ते, वाचतोस ते समजते का, एवढेच. मग तो रथात चढून त्याच्या शेजारी बसला. आधी शेजारी बसणे, मग समजावणे, मग पाणी. आणि पाणी मागितले ते त्या षंढाने, फिलिप्पाने नव्हे.

पहिला धडा: शिकवणाऱ्याने आधी शिकावे

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना मिशनसेवेची दीक्षा देण्यात आली. त्यांतील दोघांची नावे आपल्याला ठाऊक असावीत. अदोनिराम जडसन ब्रह्मदेशात गेले. गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत सॅम्युअल नॉट यांच्याबरोबर मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले.

जडसन यांना ब्रह्मदेशात पहिल्या मनुष्याला बाप्तिस्मा देता आला तो १८१९ साली, म्हणजे सुमारे सहा वर्षांनी. मुंबईतही फार वेगळे घडले नाही. या वर्षांत ही माणसे काय करत होती? भाषा शिकत होती. हॉल मुंबईच्या रस्त्यांत, देवळांच्या आवारांत, बाजारांत मराठीतून बोलत फिरले. शाळा काढल्या, शास्त्राचे भाषांतर केले. मिशनने केलेला मराठी नवा करार १८२६ मध्ये छापून पूर्ण झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने हॉल यांचा अंत झाला. तेरा वर्षे ते या देशात राहिले. आजच्या अहवालाच्या तक्त्यात त्यांचे काम मांडले असते, तर "बाप्तिस्मे" या रकान्यात सांगण्यासारखे फार थोडे निघाले असते. पण मराठी बोलणारा प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य त्या तेरा वर्षांचा ऋणी आहे.

मी अकोले तालुक्यात ठाकर वाड्यांवर काम सुरू केले, तेव्हा मला वाटले होते की मला मराठी येते, म्हणजे भाषेची अडचण नाही. पहिल्याच पावसाळ्यात भ्रम फिटला. म्हाताऱ्या बायका आपसांत बोलत ते मला निम्मेच कळे, आणि मी "तारण", "पश्चात्ताप", "नीतिमत्त्व" असे शब्द वापरले की त्या मान हलवत आणि आवणीच्या गोष्टींकडे वळत. भात कधी लावतात, नागलीला किती राबावे लागते, पेरणी झाल्यावर घरात दाणा उरत नाही तेव्हा काय खातात, हे शिकल्यावाचून त्यांच्याशी पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बोलता येत नाही. हे शिकायला मला दोन वर्षे लागली.

दुसरा धडा: नगरची पहिली मंडळी

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्ह्ज, हार्वी आणि रीड हे तीन मिशनरी तेव्हाच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती बंधू होते. पाच महिन्यांत, मे १८३२ मध्ये, हार्वी पटकीने गेले. पुढच्या वर्षी बाबाजीही पटकीनेच गेले. बाबाजी आपल्या थोड्या दिवसांत शहरातील निराधारांच्या आश्रयगृहात जाऊन आंधळ्या-पांगळ्यांना सुवार्ता सांगत असत. १८३३ साली नगरात पहिली मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्यात अशीच माणसे होती. ज्यांना शहराने बाजूला काढून ठेवले होते ते या मंडळीचे पहिले सभासद.

पुढे १८३९ साली हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांनी बाप्तिस्मा घेतला. (खिस्ती हे हरिपंतांचे मूळचे आडनाव, बाप्तिस्म्यामुळे मिळालेले नव्हे.) दोघे शिकलेले ब्राह्मण. त्यांच्या घरादारात, गावात केवढी खळबळ झाली असेल याची कल्पना करा. पण खरी परीक्षा पाण्यात झाली नाही, ती प्रभुभोजनाच्या मेजाशी झाली. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्याबरोबर एक भाकर मोडायची होती. मिशनने त्यात सवलत ठेवली नाही. जात बाहेर ठेवूनच मेजाशी यायचे, हा नियम होता.

म्हणून त्या काळी बाप्तिस्म्याआधी माणसाला थांबवत, विचारत, पारखत. हा छळ नव्हता, ही दया होती. पुढे काय सोसावे लागेल हे न सांगता कोणाला पाण्यात उतरवणे म्हणजे खोली न सांगता विहिरीत सोडणे.

त्याच १८३९ साली कुमारी सिंथिया फॅरार नगरला आल्या. त्या १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या होत्या. नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये येथेच देह ठेवला. जोतीराव फुले यांनी नगरला त्यांची मुलींची शाळा पाहिली होती, हे अनेकांना माहीत आहे. फॅरारबाईंनी एकाही माणसाला बाप्तिस्मा दिला नाही, कारण त्या काळी स्त्रीला तो अधिकार नव्हता. त्यांनी फक्त शिकवले. आता सांगा, त्यांचे काम मोजायचे कसे?

हाच प्रश्न पौलापुढे करिंथच्या मंडळीत उभा राहिला होता. कोणी कोणाच्या हातून बाप्तिस्मा घेतला यावरून तेथे तट पडले. तेव्हा पौलाने लिहिले की आपण क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचे सोडले तर कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, आणि ते बरेच झाले. बाप्तिस्म्याला त्याने कमी लेखले नाही. आकड्याला आणि नावाला मात्र त्याने जागेवर बसवले.

तिसरा धडा: भाकरीचा आणि पाण्याचा व्यवहार करू नये

१८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आपल्या दख्खनेत पडला, तसाच तेलुगू मुलखातही पडला. तेथे ओंगोल गावी जॉन क्लॉ हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे काम अंगावर घेतले आणि हजारो उपाशी माणसांना मजुरी दिली. कामावर आलेल्या लोकांना त्यांचे प्रचारक रात्री सुवार्ता सांगत. लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लॉ यांनी ठामपणे नाही म्हटले. पोटाला अन्न मिळते आहे तोवर बाप्तिस्मा नाही, असे त्यांनी ठरवले आणि वर्षाहून अधिक काळ ते पाळले. कामे संपली, मजुरी थांबली, द्यायला काही उरले नाही. तरीही लोक आले. तेव्हा ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. तो दिला देशी प्रचारकांनी, आळीपाळीने पाण्यात उभे राहून.

हा आकडा सांगायला आपल्याला आवडतो. त्याआधीचा नकार मात्र आपण क्वचित सांगतो. माझ्या मते मोठी गोष्ट तो नकार आहे.

म्हणूनच आमच्या शिबिरात औषध देताना कोणाला धर्म विचारला जात नाही, अभ्यासवर्गात येणाऱ्या मुलाच्या आईबापांना प्रार्थनेला या असे सांगितले जात नाही, आणि मदतीच्या यादीत नाव घालताना "उपासनेला येतो का" असा रकाना नाही. गरजवंताला दिलेल्या भाकरीच्या बदल्यात त्याचा देव मागणे हे कायद्याच्या भीतीने टाळायचे पाप नाही. कायदा नसता तरी ते पापच असते. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. परत एकच आला. म्हणून बाकीच्या नवांचा रोग त्याने परत आणला नाही.

चौथा धडा: प्रत्येकाची चाल वेगळी

नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, प्रश्न काढले, पत्रे लिहिली, वाद घातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही त्यांच्या आग्रहाने परदेशी मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर रेव्ह. तुकाराम नाथोजी या देशी पाळकांच्या हातून. मग ते नगरला आले आणि डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्याबरोबर काम करू लागले.

पण लक्ष्मीबाई? "स्मृतिचित्रे" ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या वर्षांतले दुःख माहीत आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी पडली. कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक वेगळाच राहिला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातिभेद हा देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना पटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. नवऱ्यामागून सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले "ख्रिस्तायन" पूर्ण केले ते याच बाईंनी.

एका घरात दोन चाली होत्या. एकाला दोन वर्षे लागली, दुसरीला त्याहून कितीतरी अधिक. त्या पाच वर्षांत कोणी लक्ष्मीबाईंना घाई केली असती, तर कदाचित आपल्याला एक नाव मिळाले असते. पण लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

पाचवा धडा: पाण्यानंतर

१८५४ साली हरिपंत आणि रामकृष्णपंत यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नगरच्या दोन मंडळ्या त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. बाप्तिस्म्यापासून तोवर पंधरा वर्षे गेली होती. त्या पंधरा वर्षांत ते शिकत होते आणि शिकवत होते. गावोगाव सुवार्ता पोचली ती बहुतेक अशाच देशी माणसांच्या पायांनी. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी वीणा-टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभे केले, कारण आपली माणसे रात्री ओट्यावर बसून कीर्तन ऐकतात, भाषण ऐकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

पाण्यानंतरची शिकवण राहून गेली तर काय होते, हे मी पाहिले आहे. त्यात चूक माझी होती, म्हणून येथे सांगते.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वाडीवरचा तरुण आजारातून उठला. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. तो आणि त्याची बायको दोन महिने प्रार्थनेला आली. मी हुरळून गेले आणि त्यांची नावे पाळकांकडे नेली. पाळकांनी विचारले, "यांना काय काय शिकवलंय?" मी म्हणाले, "विश्वास आहे ना, पाळकसाहेब. बाकीचं हळूहळू होईल." ते काही क्षण गप्प राहिले, पण माझ्या शब्दावर त्यांनी होकार दिला. पुनरुत्थानाच्या सणाआधी दोघांचा बाप्तिस्मा झाला. मी अहवालात लिहिले: दोन.

मग ती दोघे कामाला नारायणगावच्या बाजूला गेली आणि मी दुसऱ्या वाडीत गुंतले. हळूहळू व्हायचे ते काहीच झाले नाही. त्या पावसाळ्यात त्यांची आठ महिन्यांची मुलगी तापाने गेली. मी भेटायला गेले तेव्हा तो उंबऱ्यात बसला होता. म्हणाला, "ताई, पाणी घेतल्यावर घरात असं होत नाही ना?"

तसे मी त्याला कधीच सांगितले नव्हते. पण तसे होऊ शकते, हेही कधी सांगितले नव्हते. प्रार्थनेने आजार गेला एवढेच त्याने माझ्याकडून ऐकले होते. वधस्तंभ, ईयोब, लाजराच्या कबरेपाशी रडणारा प्रभू, यांतले काहीही त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. ज्या देवाला मी ओळखत होते त्याचा निम्मा भागच मी त्याला दाखवला होता, आणि संकटाच्या दिवशी नेमका तोच निम्मा भाग त्याच्या कामी आला नाही.

तो आजही मला घरात बोलावतो, चहा देतो. प्रार्थनेला बसत नाही. मी आग्रह करत नाही. दर पावसाळ्यात त्याच्याकडे जाते आणि मुलीची आठवण काढते, कारण तिचे नाव घेणारे आता फार थोडे उरले आहेत.

तर काका, हे माझे उत्तर आहे. यंदा बाप्तिस्मा एकही झाला नाही. पण दोन वाड्यांवर सात घरे दर गुरुवारी रात्री मार्काचे शुभवर्तमान ऐकतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्याच वाडीतली नववीतली मुलगी वाचून दाखवते, आणि मग म्हाताऱ्या बायका त्याच गोष्टी आपल्या बोलीत पुन्हा सांगतात. त्यांच्या सांगण्यात मला पूर्वी न दिसलेल्या गोष्टी दिसतात. आम्ही नवव्या अध्यायापर्यंत आलो आहोत. दुःखसहनाची वचने पुढे आहेत. ती वगळून कोणालाही पाण्यापर्यंत नेणार नाही, असे मी पाळकांना सांगितले आहे. कोणी स्वतःहून पाणी मागितले, तर आम्ही आनंदाने कळवू. नाही मागितले, तरी गुरुवार चालू राहील आणि औषधेही चालू राहतील.

तुम्ही प्रार्थना करता तेव्हा आकडा मागू नका, असे मी म्हणत नाही. फक्त त्या आकड्याआधी आणि आकड्यानंतर लागणारी वर्षेही मागा. ती देणे प्रभूच्या हाती आहे, आणि थोडेसे तुमच्या-माझ्याही.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय २८:१६-२० मध्ये शिकवण बाप्तिस्म्याच्या आधी येते, नंतर येते, की दोन्हीकडे? आपल्या मंडळीत कोणती बाजू कमी पडते?
२. आपल्याला बाप्तिस्म्याआधी काय शिकवले गेले? संकटाच्या दिवशी त्यातले काय उपयोगी पडले, आणि काय शिकायचे राहून गेले होते?
३. क्लॉ यांनी दुष्काळात बाप्तिस्मा नाकारला. आज आपल्या मदतकार्यात अशी कोणती रेषा आपण आखली पाहिजे?
४. आपल्या घरात लक्ष्मीबाईंसारखी वेगळ्या चालीने चालणारी व्यक्ती आहे का? तिच्याशी आपण कसे वागतो?
५. गेल्या पाच वर्षांत बाप्तिस्मा घेतलेल्या किती जणांच्या घरी आपण नंतर गेलो? या महिन्यात एकाकडे तरी जाण्याचे ठरवा.

प्रार्थना

हे प्रभो, तू तुझ्या शिष्यांना तीन वर्षे बरोबर वागवलेस आणि ते समजले नाहीत तेव्हा पुन्हा सांगितलेस. तुझा तो धीर आम्हांला दे. आमच्या घाईने ज्यांना ठेच लागली त्यांना तू उचलून घे. डोंगरातल्या वाड्यांवर रात्री दिव्याजवळ बसून ऐकणाऱ्यांपाशी तू स्वतः बस. त्यांना जे समजले आहे ते त्यांच्याकडून शिकण्याची नम्रता आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.